गेटपासून हॉलपर्यंत

"त्या डबीत बसून पाहुण्या येणार? पेटी काय मांडीवर घेतील?"

अभ्यंकर असं म्हणाले आणि त्यांच्या दिवाणखान्यात बसलेली सगळी कमिटी हसली. त्यांच्या बायकोनं चहाचा ट्रे ठेवता ठेवता हसून घेतलं. मीही हसले. हसायची सवय होती.

डबी म्हणजे माझी गाडी.

गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीत मराठी मंडळ आहे. अभ्यंकर अध्यक्ष. मी कार्यवाह, म्हणजे कामं करणारी. दिवाळी मेळाव्याच्या कामांची यादी वाचत होते. हॉल, माइक, खुर्च्या, फराळ. 'पाहुण्यांना विमानतळावरून आणणे' यापुढे मी माझं नाव लिहिलं होतं.

"खोड ते," अभ्यंकर म्हणाले. "माझं लिही. मोठी गाडी आहे, मोठ्या माणसाला मोठ्या गाडीतूनच आणायचं. काय?"

मी खोडलं.

आमच्या मंडळात एक प्रथा आहे. कुठं लिहिलेली नाही, पण कधी मोडलेली नाही. ज्याच्या गाडीतून पाहुणे येतात, तो त्यांच्याबरोबर स्टेजवर बसतो. शाल-श्रीफळ तोच देतो. फोटोत मधोमध तोच असतो. मंडळ सुरू झाल्यापासून तो माणूस अभ्यंकर आहे. मी स्टेजच्या बाजूला उभी राहून नारळ पुढं करते. बायका म्हणतात, "तू आहेस म्हणून सगळं होतं गं." मग खुर्च्या मोजायला मला पाठवतात.

मला एकदा तरी ती शाल द्यायची होती. स्वतःच्या हातानं. एवढंच हवं होतं.

त्यांची गाडी मला पाठ आहे. बेसमेंटमध्ये तिच्याच शेजारी माझी जागा. काळी, लांबलचक सेडान. तिचं नाक पिवळ्या पट्टीच्या बाहेर येतं आणि मला रोज अंग चोरून उतरावं लागतं. दार लावलं की धप्प असा जड, भरलेला आवाज येतो. माझ्या दाराचा आवाज पत्र्याचा. तिच्यात मागे बसणाऱ्याला वेगळा एसी, मधे हात टेकायला गादी, पाय पसरायला जागा. डिकीत दोन मोठ्या बॅगा आणि पेटी जाऊन वर जागा उरते. माझ्या डिकीत एक बॅग गेली की दुसरी मागच्या सीटवर.

घेताना मी दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवून बघितल्या होत्या. मोठीत बसले तेव्हा पाठ आपोआप ताठ झाली. शोरूममधला मुलगा म्हणाला, "मैडम, आप पे सूट करती है." छोटी घेतली. अ‍ॅव्हरेज चांगलं, कुठंही वळते, कुठंही मावते. ही कारणं मी सगळ्यांना पटापट सांगते. खरं कारण एकच. मोठी परवडत नव्हती.

म्हणून मी जळत होते. यापेक्षा बरा शब्द शोधत नाही. सकाळी ऑफिसला निघताना त्या चकचकीत काळ्या दारात माझ्या हातातला डबा आणि खांद्यावरची पर्स दिसायची आणि मी जळायचे.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी हवा बिघडली. दरवर्षी बिघडते. मग दिल्लीत आणि आजूबाजूला जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी येते. अभ्यंकरांची गाडी डिझेलची. जुनी. पकडली तर दंड, आणि अध्यक्षांची गाडी पकडलेली शोभत नाही.

फोन आला. "अगं, तुझी पेट्रोलच ना? मग झालं काम. तूच जा."

मला काय आनंद झाला. सगळं शहर खोकत होतं आणि मी आनंदात होते. गाडी आतून-बाहेरून धुतली. सीटवर स्वच्छ चादर घातली. पाण्याच्या बाटल्या, मास्क, खोकल्याच्या गोळ्या, पाठीला उशी. ठेवणीतली पैठणी काढली. नवऱ्यानं विचारलं, "गाडी चालवायला पैठणी?" मी म्हटलं, "स्टेजवर बसायचंय."

पाहुण्या पुण्याच्या. वयस्कर गायिका, साध्या बोलायच्या. विमानतळावर भेटल्या, गाडीकडे बघून एक शब्द बोलल्या नाहीत. पेटी मागच्या सीटवर नीट बसली, बॅग डिकीत. त्या माझ्या शेजारी बसल्या. "मागे बसलं की मला गाडी लागते हो," म्हणाल्या. वाटेत खिडकीबाहेर बघून विचारलं, "हे धुकं का?" मी म्हटलं, "धूर आहे, ताई." गळ्याला मफलर गुंडाळून घेतला त्यांनी. मी एसी बंद केला, खोकल्याची गोळी दिली. स्टेजवर काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून घेतलं.

सोसायटीच्या गेटमधून आत शिरले आणि ब्रेक दाबला.

समोर अभ्यंकरांची सेडान. रस्त्यात आडवी. बॉनेटवर झेंडूचा हार. इंजिन चालू. बंदी बाहेरच्या रस्त्यावर, सोसायटीच्या आत कोण विचारतो? गेटपासून हॉल समोर दिसतो, चालत गेलं तरी धाप लागत नाही. तेवढ्यासाठी ती बेसमेंटमधून वर आणली होती.

अभ्यंकर हात जोडत ताईंच्या बाजूच्या खिडकीशी आले. "या ताई, या! इथून आमच्या गाडीत."

"पोचलो नाही का आपण?" ताईंनी विचारलं.

"पोचलो, पोचलो. सगळे हॉलच्या दारात उभे आहेत. तिथं जरा व्यवस्थित उतरलेलं बरं." मग वाकून माझ्याकडे बघितलं. "तू बेसमेंटमध्ये घाल. पेटी घेऊन मागच्या लिफ्टनं वर ये. आणि फराळाचं बघ."

ताईंना तुम्ही. मला तू. वयानं अभ्यंकर आणि मी सारखेच.

मी विचारलं, "आणि शाल?"

"शाल मी देतो ना. हॉलपर्यंत आणेल तो देईल, प्रथाच आहे."

हॉलपर्यंत. हा शब्द त्या दिवशी गेटवर जन्माला आला. त्यांची गाडी चालत होती तोवर विमानतळापासूनचं मोजत होते. ती अडकली, मग गेटपासूनचं. माझ्याकडे उद्या काळी लांब सेडान आली असती, तर त्यांनी तिसरंच काही काढलं असतं. मी इतकी वर्षं गाडीवर जळत होते. गाडीनं मला कधी बाजूला उभं केलं नव्हतं.

त्यांनी ताईंच्या दाराला हात घातला. मी लॉक दाबलं. खट.

"अगं, उघड."

"नाही."

"काय नाही?"

"ताई इथं उतरणार नाहीत. मी आणलंय, मी नेणार."

"अरे यार, तमाशा नको करूस. लोक बघतायत."

मागून गार्ड ओरडला, "मैडम, गाड़ी आगे लीजिए, पीछे लाइन लग गई!"

"गाडी काढा," मी अभ्यंकरांना म्हटलं. ते हलले नाहीत. ताईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली होती. त्यांच्याकडे मी बघितलं नाही. हे माझं होतं.

सेडानचं नाक आणि कुंड्यांची रांग यांच्यात थोडी जागा होती. आरसे मिटले. पहिला गिअर टाकला. झेंडूचा हार माझ्या काचेला घासत गेला. हॉलच्या दारात थांबले, ताईंना हात दिला, आत नेलं.

शाल तरीही अभ्यंकरांनीच दिली. माइकही त्यांचा, स्टेजही त्यांचं. आभारात माझं नाव नव्हतं. अभ्यंकर वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "एवढ्याशा गोष्टीवरून? शोभलं का तुला?" मी पैठणीत, भिंतीला टेकून, पूर्ण गाणं ऐकलं. नारळ पुढं करायला गेले नाही. फराळाचंही बघितलं नाही. बटाटेवडे थंड झाले, लोक कुरकुरले.

ती गाडी मला अजून आवडते. दाराचा तो आवाज ऐकला की अजून मान वळते. वळू दे.

मार्चमध्ये मंडळाची वार्षिक सभा आहे. अध्यक्षाची निवड तेव्हा होते. दरवेळी अभ्यंकरांचं नाव पुकारतात, टाळ्या वाजतात आणि इतिवृत्तात मी 'बिनविरोध' असं लिहिते. कमिटीतल्या दोघींनी परवा सांगितलं, "तू पडशील गं." पडेन. पण हात वर करून मोजावे लागतील, नावं घ्यावी लागतील, कोण कुठल्या बाजूला ते सगळ्यांसमोर दिसेल. माझा अर्ज दिलाय.

या वर्षी बिनविरोध होणार नाही.