आळंदीच्या वाटेवर विझलेले हेडलाइट

मी दर एकादशीला आळंदीला जायचो, पण माउलींच्या दर्शनाला जात नव्हतो. हे लिहिताना आजही कसंतरी होतं, पण जे होतं ते सांगितलंच पाहिजे. थेरगावहून बसनं आम्ही तिघं निघायचो, मी, माझी बायको मंगल आणि माझे वडील. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. मंदिराच्या दारापर्यंत मी आण्णांना धरून न्यायचो, तिथं त्यांचा हात मंगलच्या हातात द्यायचो आणि स्वतः नदीच्या घाटावर जाऊन बसायचो. आण्णांनी कधी विचारलं नाही. मंगलनं सुरुवातीला विचारलं, नंतर तिनंही सोडून दिलं.

कारण आण्णांचे डोळे. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला आणि त्या चाळीस वर्षांत, गाडी कुठंही असो, आळंदीची एकादशी शक्यतो चुकवली नाही. त्याच माणसाचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले. एक आधी गेला, दुसऱ्याला वाचवायची आम्ही खूप धडपड केली, तोही गेला. मी चाकणच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं हेडलाइट तपासायचं काम केलं. दिवा स्टँडवर लावायचा, समोरच्या पांढऱ्या पडद्यावर उजेड पाडायचा आणि त्याची वरची कड ठरलेल्या रेषेच्या खाली आहे की नाही ते बघायचं. कड रेषेवर गेली तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, म्हणून तो दिवा बाद. असे हजारो दिवे मी पास केले आणि संध्याकाळी घरी आल्यावर आण्णांना भिंत चाचपत मोरीकडे जाताना बघितलं. त्या दिवसांत माझ्या मनातला देव हळूहळू विझला. भांडण वगैरे काही झालं नाही. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं, एवढंच.

आण्णांचा ट्रक मात्र आम्ही विकला नव्हता. पुढं लांब नाक, दोन बाजूंना दोन गोल दिवे, अशी जुन्या घाटणीची गाडी. बरीच वर्षं ती एका ओळखीच्याच्या जागेत झाकून ठेवली होती. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा आण्णा म्हणाले की एकदा आपल्या गाडीत बसून आळंदीला जावंसं वाटतं. त्यांनी आयुष्यात माझ्याकडं फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या. मी कामाला लागलो. इंजिन, ब्रेक, टायर, रंग, कागदपत्रं, सगळं रीतसर करून घेतलं. शेवटी राहिले दिवे.

जुने दिवे लावले की समोर पिवळट उजेडाचा एक ओघळ पडायचा, तेवढाच. वायर बारीक आणि जुनी, करंट सगळा स्विचमधून फिरून येणार, त्यामुळं दिव्यापर्यंत पोचेतो त्यातला जीव गेलेला. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात भागवतभाऊ नावाचे वायरमन आहेत, मूळचे बीडकडचे. त्यांच्याकडं गाडी नेली. मी पांढऱ्या उजेडाचे एलईडी दिवे आणले होते, जुन्या गोल घरात बरोबर बसणारे. भागवतभाऊंनी बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, रिले टाकले, डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज दिला. एक गेला तरी दुसरा राहावा म्हणून. शेवटचे दोन-तीन बोल्ट मी स्वतः आवळले, कारण चॅसीला नुकताच रंग दिला होता आणि दुसऱ्याच्या पान्यानं त्याला ओरखडा पडू नये असं मला वाटत होतं.

संध्याकाळी आम्ही दिवे लावून बघितले. समोरच्या शेडची भिंत दुपार झाल्यासारखी उजळली. भागवतभाऊ दूर जाऊन उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "साहेब, थोडे खाली घ्या. समोरच्याच्या डोळ्यात जायलेत." मी हसलो. सत्तावीस वर्षं मी हेच तर सांगत आलो होतो. पण केबिनमधून बघताना तो उजेड लांबवरच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत जात होता आणि ते बघून मला जे सुख झालं, ते मोडवेना. नंतर करू, म्हणालो. बारा दिवस मी गाडी तशीच फिरवली. दिवे एकदाही मिणमिणले नाहीत.

माघातल्या एकादशीला पहाटे आम्ही निघालो. काकड्याला पोचायचं होतं. आण्णा मधे बसले होते, कडेला मंगल. आण्णांनी इस्त्रीचं धोतर आणि नवी टोपी घातली होती. इंजिनचा आवाज ऐकून ते लहान मुलासारखे खूश होते. मोशीपर्यंत रस्त्यावरचे दिवे होते. पुढं आळंदीच्या रस्त्याला लागलो आणि इंद्रायणीच्या बाजूनं धुकं आलं. आधी विरळ, मग एकदम दाट. मी डीपर न मारता, म्हणजे उजेड खाली न घेता, दिवे पूर्ण उघडले. समोर पांढरी भिंत उभी राहिली. धुक्यात पांढरा उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो, हे कळायला माझ्यासारखा माणूस कशाला हवा? पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. डांबराची कड दिसत होती, रस्ता ओळखीचा होता आणि काकडा चुकू नये म्हणून मी गाडी थोडी दामटत होतो.

एका वळणानंतर दोन्ही दिवे एकदम गेले.

मिणमिणले नाहीत, आधी एक मग दुसरा असंही नाही. कुणीतरी हात फिरवावा तसे दोन्ही एकाच क्षणी विझले. पुढं काळोख. मी सगळं वजन ब्रेकवर टाकलं. गाडी घसरत, करकरत थांबली आणि इंजिन बंद पडलं. आण्णा पुढं झुकले, मंगलनं त्यांना छातीशी धरलं.  तेवढ्यात अगदी गाडीच्या नाकाखालून एका बाईचा आवाज आला.

"थांबा वो. मानसं हाईत हितं."

मी मोबाइलचा टॉर्च लावून खाली उतरलो. पुढं गेलो आणि जे बघितलं ते आजही डोळे मिटले की दिसतं. एक बाई बंपरला पंजा टेकवून उभी होती. तिच्या पायाशी दुसरी बाई रस्त्यावर आडवी पडली होती, तिच्याभोवती बाकीच्या बसल्या होत्या, कुणी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, कुणी तळपाय चोळत होतं. मी मोजलं. का मोजलं माहीत नाही. अकरा होत्या. पुढचं चाक आणि पडलेल्या बाईची पिशवी यांच्यामध्ये वीतभर जागा होती.  मी तिथंच रस्त्यावर बसलो.  ज्या बाईनं बंपरला हात लावला होता, ती माझ्याजवळ आली आणि तिनंच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग हळूहळू कळलं. त्या चिखलीत राहणाऱ्या, बहुतेक जणी चाकण भागातल्या कंपन्यांत साफसफाईचं काम करणाऱ्या. एकादशीला पहाटे चालत आळंदीला निघालेल्या. त्यांतल्या अनुसयाबाईंना चालताना घेरी आली आणि त्या पडल्या, आणि तेवढ्यात मागून माझी गाडी आली. एक जण म्हणाली, "एवढा उजेड आला का आमाला रस्ताच दिसंना. कुन्या बाजूला पळावं कळंना." ती तक्रार करत नव्हती. जे झालं ते सांगत होती.  माझा उजेड त्यांच्या डोळ्यांत गेला होता.

अनुसयाबाईंना शुद्ध होती, पण उठवत नव्हतं. त्यांना दवाखान्यात न्यायला हवं होतं. आम्ही त्यांना उचलून केबिनमध्ये मंगलच्या कुशीत निजवलं. दिवे काही लागेनात. फ्यूज बघितले, दोन्ही शाबूत. मागचे लाल दिवे चालू होते, पुढचे मेलेले. मी स्टिअरिंगवर हात ठेवला, पण क्लचवरचा पाय कापायचा थांबतच नव्हता. मी म्हणालो की आण्णा, मला चालवता येणार नाही, आपण उजाडेपर्यंत थांबू. तेवढ्यात बाहेर त्या बायका आपणहून गाडीच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. ज्यांच्याकडं मोबाइल होते त्यांनी टॉर्च लावले आणि चालायला लागल्या.

आण्णांना हे दिसत नव्हतं. मंगलनं त्यांना सांगितलं. त्यांनी चाचपत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाय कापतुय तर कापू दे. गिअर टाक. ती मानसं म्होरं हाईत न्हवं? मग त्यांच्या मागनं चल."

मी इंजिन चालू केलं आणि गिअर टाकला. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, त्या चार-पाच टॉर्चच्या मागून मी ट्रक चालवला. त्यांच्या पाठी धुक्यात दिसायच्या, पुसट व्हायच्या, पुन्हा दिसायच्या. त्यांना आत्ताच माझ्या गाडीखाली जाताना वाचलेलं मी बघितलं होतं, आणि त्या त्याच गाडीपुढं पाठ करून निवांत चालत होत्या. एकीनंही वळून बघितलं नाही. हा विश्वास माझ्यावर नव्हता हे मला कळत होतं. मग कुणावर होता, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. मी रडत होतो आणि गाडी चालवत होतो.

आळंदीत पोचलो तेव्हा फटफटलं होतं. दवाखान्यात अनुसयाबाईंना सलाइन लावलं. उपवास, कामाचा थकवा आणि रक्तातली साखर उतरलेली, असं डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग मंदिराच्या दाराशी मंगल माझ्याकडं बघत राहिली. मी आण्णांचा हात तिच्या हातात दिला नाही. स्वतःच धरून आत गेलो. रांगेत मला काही सुचत नव्हतं, समाधीसमोरही सुचलं नाही. लोक सांगतात की असं वाटलं, तसं वाटलं. मला फक्त तो बंपरवरचा पंजा दिसत होता. आण्णांनी डोकं टेकवलं, मी टेकवलं, मागच्यांनी पुढं सरकवलं आणि आम्ही बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी भागवतभाऊ थेरगावला आले. त्यांनी वायर तपासली, रिले तपासले. मग गाडीच्या पुढच्या भागात वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. दोन्ही दिव्यांची अर्थिंगची वायर, करंट परत गाडीच्या लोखंडात नेणारी, एकाच बोल्टखाली होती, आणि तो बोल्ट मी आवळला होता. रंग न खरवडता, नव्या रंगावरच. वायर लोखंडाला नीट टेकलीच नव्हती. "साहेब, हे बारा दिवस चाललं कसं?" ते म्हणाले. या एका कारणासाठी मी कंपनीत कितीतरी वायरिंग परत पाठवली असेल.

त्या दिवसापासून मी याच गोष्टीपाशी अडकलो आहे. दिवे वर ठेवले, ही माझी चूक. तिनं मला त्या बायकांच्या अंगावर नेलं. बोल्ट रंगावर आवळला, ही दुसरी चूक. तिनं मला थांबवलं. दोन्ही माझ्याच हातच्या. तो बोल्ट निगडीत दगा देऊ शकत होता, घरासमोर देऊ शकत होता, वळणाच्या शंभर पावलं पुढं देऊ शकत होता. यात चमत्कार होता असं मी कुणाला सांगत नाही, कुणाशी वादही घालत नाही. ज्याला मी इतकी वर्षं अबोल ठरवलं होतं, त्यानं माझ्याच चुकीच्या तोंडून एक शब्द उच्चारला, असं मला वाटतं. तेवढंच. दिवे मी त्याच दिवशी खाली घेतले, उजेडही पिवळा करून घेतला.

पुढच्या आठवड्यात मी आणि मंगल चिखलीला अनुसयाबाईंना बघायला गेलो. त्या चुलीपुढं बसल्यासारख्या गॅसच्या शेगडीसमोर पाटावर बसून चहा करत होत्या, चेहरा तरतरीत. शेजारच्या खोलीतून हिराबाई आल्या, बंपरला हात लावणाऱ्या त्याच. मला एक विचारायचंच होतं. एवढा मोठा ट्रक अंगावर येत असताना तुम्ही हात का पुढं केला, हातानं ट्रक थांबतो का?

हिराबाई जरा लाजल्या. मग म्हणाल्या, "थांबवायला न्हाई वो दादा. ही उठत नव्हती. हिला टाकून पळता येईना. मग करायचं काय? हात म्होरं केला, म्हनलं आता माउली बघून घेईल."

मी चहाचा कप खाली ठेवला. शरण जाणं म्हणजे हात जोडून डोळे मिटणं, असं मला वाटत आलं होतं, आणि म्हणूनच ते मला कधी जमलं नव्हतं. या बाईनं डोळे मिटले नव्हते. जिला सोडून जाता येत नाही तिच्याजवळ ती उभी राहिली, जेवढा हात होता तेवढा पुढं केला आणि उरलेलं सोडून दिलं. मला हे अजून येत नाही. आण्णांच्या डोळ्यांचं असं का झालं, तेही मला कळलेलं नाही, आणि आता मी ते विचारतही नाही.

उठताना मी त्या सगळ्या जणींची नावं विचारून घेतली. आता एकादशीला मी आण्णांना धरून रांगेत उभा राहतो. समाधीपुढं थांबायला फार वेळ मिळत नाही. मागत काही नाही. अनुसयाबाई, हिराबाई, अशी एकेक करून अकरा नावं मनात घेतो, आणि अकरावं संपलं की पुढं सरकतो.