डावं चाक धरंना

आयाबायांनो, आत्ताच शिरूरहून आलेय.

गेल्या साली भीमेच्या उतारावर माघं जोडलेल्या, मांडवाच्या पायपांनी भरलेल्या बिनब्रेकच्या ट्रॉलीनं आमची पिकअप पुढं ढकलली आन् आमचे मालक गेले. आता धंदा मीच बघते. म्हणून आज ट्रॉलीला करंटचे ब्रेक आन् पिकअपमधी ते लावायचा बटणवाला कंट्रोलर बसवून घेतला.

फिटर म्हणाला, "मावशी, आत बसा. मी माघनं हाक दिली की बटण दाबा."

हाक आली, "दाब." दाबलं.

"घाईबाई, डावं चाक धरंना."

मी खेकसले, "मग नीट कर की! मला खुटबावला जायचंय."

तेवढ्यात फिटर समोरच्या हॉटेलातनं चहा घेऊन आला. "कुणाला बोलताय मावशी? मी अजून हाकच दिली न्हाई."

उतरून बघितलं. भर दुपारी माघं कुणी न्हाई. डाव्या चाकाची वायर मात्र सुटलेली.

मला घाईबाई फक्त मालक म्हणायचे.

वायर जोडली. उद्या भरली ट्रॉली त्याच उतारावरनं न्यायचीय. जाऊबाई म्हणती, असल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. मी तर खेकसून बसलेय. उद्या परत हाक आली तर गप बसू का बोलू?