मडक्याचा होकार

अमरावतीच्या फूलबाजारात भगवंत निमकर दोन गोष्टींसाठी ओळखले जात. एक, त्यांचा झेंडू टपोरा असे. आणि दुसरी, त्यांना खोटं बोलता येत नसे. गिऱ्हाइकानं "ताजा हाये का?" विचारलं की "कालचा हाये" सांगून मोकळे. त्यांची बायको पार्बताबाई कपाळावर हात मारून घेई. "ह्यायच्या तोंडाले कडी-कोयंडाच नाई!"

त्यांची मुलगी गीतांजली अकोल्याला नर्स होती. तिथंच जीवन साळवे नावाच्या पोराशी तिचं जमलं. पोरगा कॅथलिक. भगवंतांनी काही दिवस तोंड फुगवलं. मग पोरगा शेतावर आला, चपला काढून वाफ्यात उतरला आणि एकही रोप न तुडवता बाहेर आला, तेव्हा विरघळले. मेच्या सुरुवातीला चर्चमध्ये लग्न ठरलं. मुलीला धर्म बदलावा लागणार नव्हता, मात्र तशा लग्नाला वरून परवानगी लागते, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं.

आणि ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी पोप गेल्याची बातमी आली.

भगवंतांनी फुलांचं वजन अर्ध्यावर सोडलं. शेताच्या मोजणीपायी त्यांनी साहेब बदलताना पाहिले होते. दरवेळी नवा साहेब पहिल्यापासून सुरू करी. "सगळ्यात मोठा साहेब गेला," ते बायकोला म्हणाले. "आता नवा येईन, खुर्चीवर बसन, मंग फाइल पाहीन. तवरोक पोरगी तशीच?"

"मंग इवायाले, जीवनच्या बापाले, फोन करा ना."

"फोनवर कोनी खरं सांगत नाई."

झालं. दोघं अकोल्याच्या एसटीत बसले.

चर्चमागच्या खोलीत फादर सिरिल होते आणि होणारे व्याही आल्फ्रेडराव, रेल्वेतून रिटायर झालेले, डोळे लाल. भगवंतांनी आधी रीतसर दुखवटा केला. "घरचंच मानूस गेल्यासारखं झालं, इवाई." मग हळूच म्हणाले, "पन आता लग्नाचं कसं?"

फादर म्हणाले, "गादी रिकामी असली की रोममध्ये मोठे नवे निर्णय थांबतात. पण त्या त्या भागाचे मुख्य धर्मगुरू, म्हणजे बिशप, आपापल्या जागी असतात, त्यांचे अधिकार चालू असतात. ही परवानगी बिशपच देतात."

"अन् ते कुठी बसतात?"

"अमरावतीला."

पार्बताबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की भगवंत पंख्याकडं बघू लागले.

"आलाच आहात, तर एक विचारतो," फादर म्हणाले. "अर्ज पाठवायच्या आधी खात्री करावी लागते. गीतांजलीचं यापूर्वी लग्न झालेलं नाही ना?"

"नाई" म्हणायला पार्बताबाईनं तोंड उघडलंच होतं.

"झालं हाये," भगवंत म्हणाले.

आल्फ्रेडराव खुर्चीतून अर्धे उठले. "काय म्हनता! मले काहून नाई सांगतलं?"

"कोणाशी?" फादरांचा आवाज खाली आला.

"मडक्याशी."

मग सगळं बाहेर आलं. पोरीच्या पत्रिकेत मंगळ. पार्बताबाईच्या आग्रहानं कौंडण्यपूरला नेऊन, नदीकाठी हळद लावून, अक्षता टाकून तिचं मडक्याशी लग्न लावलं होतं.

"आता कुठं आहे ते मडकं?"

"तेव्हाच फोडलं. वर्धा नदीत सोडलं."

"म्हंजे पोरगी विधवा?" आल्फ्रेडरावांनी खरंच काळजीनं विचारलं.

फादरांनी रुमाल तोंडावर धरला. खोकल्यासारखं काहीतरी केलं. मग म्हणाले, "आमच्या कायद्यात लग्न होतं ते दोघांच्या होकारानं. मोकळ्या मनानं दिलेल्या. मडकं हो म्हणालं होतं?"

भगवंतांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाई. अन् पोरगीबी हो म्हनाली नाई. ते तं रुसून बसली होती."

"मग लग्न झालंच नाही. अहो, पोपचंसुद्धा असंच आहे. कार्डिनलांनी, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्मगुरूंनी, निवडलं तरी त्याला विचारतात, मान्य आहे का? त्यानं हो म्हटल्याशिवाय तो पोप होत नाही."

"अन् कोनालेबी निवडता येते?"

"नियमानं बाप्तिस्मा झालेला कोणताही पुरुष चालतो. निवडतात मात्र कार्डिनलांतूनच."

भगवंतांनी व्याह्यांकडं नव्या आदरानं पाहिलं. "मंग आमच्या इवायाले..."

"नोको, बाप्पा!" आल्फ्रेडराव दोन्ही हात हलवत म्हणाले. "घरी इचारल्याबिगर मी कशालेच हो म्हनत नाई."

परवानगी वेळेत आली. अंतरपाट, मंगलाष्टकांचं भगवंतांनी विचारून पाहिलं. फादर म्हणाले, "हळद लावा, हार घाला. पण वेगळं लग्न लावायचं नाही. होकार एकदाच." भगवंतांनी मग सगळी हौस फुलांवर भागवली. मोगऱ्याच्या वासानं चर्चमध्ये लोकांना शिंका आल्या.

"तू स्वतःच्या मर्जीनं आली आहेस ना?" फादरांनी विचारलं.

"हो," गीतांजली म्हणाली.

"हो!" पहिल्या बाकावरून भगवंतही खणखणीत म्हणाले. सगळं चर्च हसलं. पार्बताबाईनं चिमटा काढला, पण तिचे स्वतःचे डोळे भरले होते.

रोममध्ये नवे पोप निवडले गेले तेव्हा पोरगी सासरी गेलीसुद्धा होती. भगवंत भलामोठा हार घेऊन पुन्हा अकोल्यात हजर.

"हा कोणाला?" फादरांनी विचारलं.

"नव्या साहेबाले. पन रोमपर्यंत मी कुठी जाऊ? तुमी घाला."

फादरांनी मान वाकवली. हार गुडघ्यापर्यंत आला. त्या उन्हात तो घालूनच ते पायऱ्यांवर उभे राहिले आणि आल्फ्रेडरावांनी मोबाइलवर फोटो काढला.