टिटवीच्या अंड्यांजवळची पाटी

वैशाखातल्या नागपुरात उघड्या जमिनीवरचं अंडं आईच्या सावलीवाचून किती वेळ तग धरतं, हे तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. माझ्याच हातानं घडवून.

सत्तरच्या दशकात माझे वडील साहेबलोकांच्या गोल्फ मैदानावर बैलबंडीनं वाळू वाहायचे. उन्हाळ्यात तिथं हिरवळ नसे. चेंडू पाडायच्या भोकांभोवती तेल मिसळलेल्या वाळूचे गोल असत, ते सारखे करावे लागत. मी कॉलेजात होतो, मोर्च्यांतली पत्रकं वाचत वाढलेला. लिहून सांगितलं की माणूस सुधारतो, असा माझा पक्का समज.

एका सकाळी बंडीच्या चाकोरीतच टिटवीची चार अंडी दिसली. घरटं कसलं, खडे सरकवून केलेला खळगा. वडिलांनी बैल वळवले आणि चाकोरी लांबून नेली. टिटवी मैदानाच्या तळ्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी झाकून बसायची.

"बाबा, इथं खूण काहून नाही करून ठेवत?"

"मले दिसते, बैलाले दिसते. आणखी कोणाले दाखवायचं हाय?"

मला पटलं नाही. रविवारी सामना होता. आदल्या संध्याकाळी मी तिथं लाल अक्षरांची पाटी ठोकली: 'या जमिनीवर पहिला हक्क हिचा! पाऊल जपून टाका!'

लोकांनी पाऊल जपूनच टाकलं. दहा हातांवर उभे राहून वाचलं, अंडी पाहिली, फोटो काढले. "घ्या, टिटवीले बी पुढारी भेटला!" खेळाच्या काठ्या वाहणारा एक म्हातारा हसला. एक घोळका गेला की दुसरा यायचा. मी कडुनिंबाखाली छाती फुगवून उभा. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती, दुपारपर्यंत.

वडील आले. "सरका जी, सरका." एक अंडं तळहातावर घेतलं, चटका बसल्यागत लगेच खाली ठेवलं.

"वाचणारे लय आले गा," ते मला म्हणाले. "तिले बसू नाही देलं कोणी."

पाटी उपटून त्यांनी बंडीत टाकली. रागावले नाहीत. टिटवी पुढं तीन आठवडे त्या अंड्यांवर बसली. एकातूनही पिल्लू बाहेर आलं नाही.

त्यानंतर पुष्कळ पत्रकं लिहिली. आमच्या वस्तीचे नळ कोरडे आणि मैदानाचं तळं भरलेलं, यावरही लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी हल्ली लेखणी उचलताना हात जड होतो.

माळरानावर टिटवी तुमच्या डोक्यावर ओरडू लागली, तर अंडी शोधू नका. आल्या वाटेनं परत फिरा, आणि जागा कुणाला सांगू नका.