शमुवेलचा मदोर

माझा धाकटा भाऊ शमुवेल गेला, त्याला दीड महिना झाला. मातीच्या वेळी चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, पाळकसाहेब आपल्या खऱ्या घरी गेले. मी तिथंच विचारलं, मग तुम्ही काढून घेतलं ते काय खोटं होतं? लोकांनी मला गप्प बसवलं. म्हणून लिहिते.

शमुवेल शहरातल्या एका चर्चचा पाळक. कंपाउंडातल्या क्वार्टरमध्येच त्याचा संसार झाला, बायकोही तिथंच वारली. मी चौथी शिकलेली, पण तो शास्त्र, म्हणजे बायबल, मला कळेल असं सांगायचा. शास्त्राची काही पानं अरामी भाषेत आहेत. त्यांत राहत्या जागेला मदोर म्हटलंय. देवांच्या जागेला तोच शब्द, आणि एक राजा महाल गमावून रानगाढवांत राहिला, त्या जागेलाही तोच. शमुवेल म्हणायचा, जिथं माणूस जगतो तो मदोर, हलकी जागा नसतेच. एका रविवारी उपदेशातही त्यानं हेच सांगितलं... तिथंच फसला.

निवृत्त झाल्यावर पाळकानं क्वार्टर सोडायचं, ही रीत. पण नव्या पाळकाचं स्वतःचं घर होतं. शमुवेलनं मरेपर्यंत एक खोली मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, तुम्हीच शिकवलं ना, कुठंही राहिलं तरी मदोरच." सगळे हसले. हाही हसला, आणि ट्रंक घेऊन वाळूजला माझ्याकडं आला.

जेवताना मी त्याला झापलं. "राजाला गाढवांत धाडलं ती सजा व्हती. त्यानं गर्व केला व्हता. तू काय केलं व्हतं रं?"

त्याचा घास हातातच राहिला. "आक्का, हे मला तिथं का नाय सुचलं?"

मेला त्या दिवसापर्यंत तो माझ्या घरी पाहुण्यासारखा राहिला. चपला उंबऱ्याबाहेर, त्यांचं तोंड रस्त्याकडं. आत ठेव म्हटलं की म्हणायचा, असू दे आक्का, उठून जायला बरं. लई राग यायचा मला. अजून येतो.

गेल्या आठवड्यात कमिटी घरी आली. क्वार्टरवर शमुवेलच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची आहे, उद्घाटनाला मी यावं. मी विचारलं, आता तिथं कोण राहतं? कोणी नाही, म्हणाले, मांडवाच्या खुर्च्या ठेवल्यात.

"मग खुर्च्यांचं नाव लावा," मी म्हटलं.

चहा न घेताच उठले. बाहेर सेक्रेटरींचा पाय गडबडीत शमुवेलच्या चपलेत गेला. काढा म्हटलं, काढला.

ते गेल्यावर मी त्या चपला उचलल्या आणि आत, त्याच्या खाटेखाली सरकवल्या. तोंड भिंतीकडं करून.