खरखरीच्या मागे लागलेल्या बाई

दुरुस्तीला आलेला रेडिओ बाई आधी ऐकत नसत, हुंगत. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढायचं, नाक आत घालायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "शी! आधी वास, मंग हात." जळका वास आला की कुठला भाग तापतोय ते त्यांना कळे. दुसरा कुठला वास आला की त्या घरच्या माणसांची अब्रू कळे. मी शेजारी राहते, म्हणून मलाही हाक यायची. "ये वं सुमन, पाह्य लोकायची घाण." मी नको नको म्हणत जायची आणि दरवेळी पदर नाकाला लावून परत यायची.

चिखलीत त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. शाळेत विज्ञान शिकवलं, निम्मं गाव हाताखालून गेलं, म्हणून नुसतं 'बाई'. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, ह्या काचेच्या व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंच्या मागे लागल्या. गाण्यांचं त्यांना काही वेड नव्हतं. रेडिओने जे आवाज काढू नयेत, त्यांच्याशी त्यांचं वैर होतं. घरघर, खरखर, मध्येच येणारी शीळ. आवाजाचं बटण पूर्ण बारीक करायचं. तरी घरघर राहिली तर रोग बटणाच्या पुढे, थांबली तर मागे. मग लाकडी पळीच्या दांड्याने एकेका व्हॉल्व्हला टिचकी. ज्याला मारल्यावर रेडिओ कण्हला, तो चोर. शेवटी एरियलची तार काढून बघायची. खरखर थांबली तर ती बाहेरून येतेय, म्हणजे शेजाऱ्यांची धडगत नाही.

एकदा पिंपळगाव राजा या गावचे एक गृहस्थ गोणपाटात गुंडाळून रेडिओ घेऊन आले. झाकण काढलं तर आत उंदराचं घर. कापूस, चिंध्या, लेंड्या, ट्रान्सफॉर्मरला चिकटून वाळलेली पाल, आणि त्या सगळ्यावर मुताचा उग्र दर्प.

"हे काय हो?" बाईंनी विचारलं. "रेडिओ ठेवला होता का उंदरीले बाळंतपणाची खोली देल्ली होती?"

"तसं नाही बाई. बटण फिरवलं का लय खरखरे, म्हणून थोडंसं तेल सोडलं."

"कोणतं तेल?"

"खोबरेल."

"मंग वेणीबी घालून द्याची होती त्याले!"

ते गृहस्थ हसले, पण बाई हसल्या नाहीत. तेलात धूळ बसून बटणाच्या आत काळा चिकट लगदा झाला होता. तो काडीने खरवडून त्यांनी कागदावर घेतला आणि त्या माणसाच्या नाकासमोर धरला. "रेडिओ बिघडत नाही हो, लोक बिघडवतात. घाण केली का आवाज येतेच." रेडिओ दुरुस्त करून दिला, पण जाताना त्याला दारातून चहाही विचारला नाही. अशी बाई! आणि काम झालं की कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या, तेव्हा कुठे पाण्याच्या ग्लासाला शिवायच्या.

नानांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली आणि समोरच्या भिंतीशी घरचा मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ. संध्याकाळच्या सातच्या बातम्या नानांनी जन्मात चुकवल्या नव्हत्या. आणि नेमकी त्याच वेळी, त्याच स्टेशनला खरखर सुरू झाली. ती सुरू झाली की नाना डाव्या हाताने खाटेवर थापा मारत. चेहरा लाल होई.

"त्यायले सहन होत नाही वं," बाई मला म्हणाल्या. डोळे भरले होते. "बोलता येत नाही, हालता येत नाही. येवढं ऐकणं उरलं माणसाले, त्याच्यातबी ही घाण! मी लोकायचे रेडिओ साफ करून राह्यली अन् घरच्या माणसाले साफ आवाज देता येत नाही मले?"

मग काय, त्यांनी गल्ली वेठीला धरली. सातच्या ठोक्याला दारोदार: "मेन स्विच बंद करा." कोणाचा एलईडी, कोणाचा चार्जर, कोणाचा इन्व्हर्टर, सगळ्यांवर संशय. माझी कणीक मळून, भाजी फोडणीत, आणि घरात अंधार. खरखर तिथेच. लोक तोंडावर हो म्हणत आणि पाठ फिरली की शिव्या देत. मीही दिल्या, खोटं कशाला सांगू.

गल्ली सुटली, मग रेडिओ धरला. एक कंडेन्सर बदल, दुसरा बदल, व्हॉल्व्हचे पाय घास. पुढच्या खोलीची दशा बघवेना. एकीकडे आजारी माणसाचं भांडं, औषधं, ओल्या चादरी. दुसरीकडे कथिलाचा धूर, मेण गळालेले जुने भाग, काजळीची फडकी. ह्या बाई लोकांच्या उंदरांना नावं ठेवणाऱ्या! एक दिवस माझा संतापच झाला.

"बाई, जगाच्या रेडिओत आधी नाक घालता. स्वतःच्यात घातलं का कधी?"

"माह्या घरात घाण नसते," त्या ताडकन म्हणाल्या.

पण बोलणं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावलं. स्टेशन लावायच्या खुंटीमागे पातळ पत्र्यांची जुडी असते. त्या पत्र्या एकमेकींना न लागता फिरायला हव्यात. त्यांच्या फटीत चिमटा घालून बाईंनी एक तांदूळ काढला. कुंकवाने लाल, वर पांढरी बुरशी. मग दुसरा, त्यात मेलेली अळी. त्या दाण्यांनी एक पत्री वाकवून नेमकी नानांच्या स्टेशनापाशी शेजारणीला टेकवली होती.

"अक्षता!" बाई किंचाळल्या. "हे ह्या माणसाचं काम हाये!"

खंडेनवमीला नाना घरातल्या झाडून साऱ्या यंत्रांची पूजा करत. रेडिओला हात लावायचा नाही, अशी बाईंची ताकीद होती. पण यंत्र आत असताना वरवर पूजा कशी पोचणार, हा नानांचा हिशेब. बायको बाहेर गेल्याचं बघून झाकण काढून आत अक्षता टाकायचे, दरवर्षी.

"शी शी शी! संसारभर सांगून राह्यली मी तुमाले!" बाई खाटेकडे बघून ओरडल्या. नानांनी डोळे मिटून घेतले.

पत्री सरळ झाली. संध्याकाळी रेडिओ लावला आणि बातम्या अशा स्वच्छ आल्या, की मला निवेदकाचा श्वाससुद्धा ऐकू आला. बाई काळ्या हातांनी तशाच उभ्या होत्या. "घ्या! आता ऐका राजासारखं."

नाना थापा मारू लागले. आधीपेक्षा जोरात.

"आता कायले? साफ तर हाये!" बाई पुन्हा रेडिओकडे वळल्या, खुंटी चाचपू लागल्या. थापा आणखी वाढल्या. त्या रडकुंडीला आल्या. "कुठं हाये खरखर? मले काऊन ऐकू येत नाही?"

मी खाटेच्या पायाशी होते, म्हणून मला दिसलं. नाना रेडिओकडे बघतच नव्हते. ते बाईंच्या पाठीकडे बघत होते, आणि हात आपटत होते तो स्वतःच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर. झटका आल्यापासून रोज संध्याकाळी त्यांना बाईंची पाठच दिसत होती.

"बाई," मी म्हटलं, "रेडिओचं नाही हो. ते तुम्हाला शेजारी बस म्हणतायत."

बाई वळल्या. मग येऊन खाटेच्या कडेला टेकल्या, हात अंगापासून लांब धरून. "माहे हात घाण हायेत हो," त्या म्हणाल्या. नानांनी तोच हात ओढून छातीवर घेतला. काजळी सदऱ्याला लागली.

बाईंनी सोडवून घेतला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुमन, बंद कर वं तो."