मुंग्यांची वाट

“मारू नका बाई, वाट मोडा,” असं म्हणत अक्का उकिडव्या बसायच्या आणि गाल जवळजवळ भुईला टेकवून मुंग्यांची रांग कुठून येते ते बघायच्या. मग मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने रांग पुसून घ्यायच्या, भिंतीतल्या भोकात राख आणि हळद दाबायच्या आणि बाहेर अंगणात, वारुळाजवळ चिमूटभर पीठ टाकायच्या. मी हसले की म्हणायच्या, “मुंग्यासले बी पोट शे.”

स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी जळगावात आले, तेव्हा आमचं घर मेहरूणकडे होतं. घरात आम्ही तिघंच. माझे यजमान कचेरीत कारकून, आणि सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत, निवृत्त शिक्षक. अक्का झाडलोट आणि सारवणाला येत. फाल्गुन लागून ऊन चढलं की भुईतून, भिंतींतून मुंग्या निघत. मग आमच्या आळीतल्या घराघरातून अक्कांना बोलावणं जाई. एखादीने चुलीवरचं गरम पाणी मुंग्यांवर ओतलेलं दिसलं, तर त्या दिवशी त्या तिच्याशी बोलत नसत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग कळायलासुद्धा लक्ष ठेवावं लागतं.

त्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी पुरणासाठी गूळ काढायला मी कोठीच्या खोलीत गेले. ढेप निम्मी झाली होती. महिनाभर मी तिला फारसा हात लावला नव्हता. यजमानांना गोड आवडत नसे आणि नानांना डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलं होतं. मग राहिलं कोण?

शेजारच्या काकू डाळ वाटायला आल्या होत्या. दारात आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच मी म्हणाले, “अक्का, कोठीत तुमच्याशिवाय कुणी जात नाही.”

अक्कांचा हात सारवणाच्या घमेल्यात होता. तो तिथेच थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग ओटीवर बसलेल्या नानांकडे. नाना वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

“गूळ मी लिधा नही, बाई,” अक्का म्हणाल्या. एवढंच. उरलेली भुई त्यांनी सारवून पूर्ण केली, हात धुतले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. आठवडाभरात आळीतल्या बाकीच्या घरांनीही त्यांना बोलावणं बंद केलं. गुळाची गोष्ट घरोघर पोचवायचं काम काकूंनी चोख केलं होतं.

होळीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी कोठीच्या दारातून मुंग्यांची जाड रांग निघालेली दिसली. पुसणारं आता कुणी नव्हतं. मी फडकं घेतलं आणि अक्कांसारखी वाकून तिच्या मागे मागे गेले. रांग चुलीकडे गेली नाही, अंगणाकडेही नाही. ती नानांच्या खोलीत शिरली, खाटेच्या पायावरून वर चढली आणि गादीखाली गेली. मी गादी उचलली. वर्तमानपत्राच्या कागदात गुळाचे चार-पाच खडे होते, मुंग्यांनी काळे झालेले.

मागे वळले तर दारात नाना उभे होते. ज्यांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप होई, असं लोक सांगत, ते नाना भिंतीला धरून उभे होते.

“सूनबाई,” ते म्हणाले, “मी अक्कांच्या घरी जाऊन सांगतो.”

आणि मी म्हणाले, “राहू द्या नाना. लोक काय म्हणतील?”

हे वाक्य माझं आहे. ते मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

मी एकटीच अक्कांच्या खोपटाकडे गेले. बाहेर बायका बसल्या होत्या, म्हणून माफीचं काही बोललेच नाही. म्हणाले, “उद्यापासून या कामाला.” अक्का मला थोडं बाजूला घेऊन गेल्या.

“सापडना का गूळ?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“रोज सकाये मीच ती वाट पुशे. तुमले दिसाले नको म्हनीसन.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाही?”

“म्हातारा मानूस. त्यासनी लाज गयी असती.” मग पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, “मले काय, दुसरं घर मिळी.”

दुसरं घर मिळालं नाही. चैत्र संपायच्या आत त्या पहूरला मुलीकडे राहायला गेल्या. मला तेव्हा आळीत चार घरं फिरून एक वाक्य सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. नानांनी त्यानंतर गोडाला हात लावला नाही आणि माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोललेही नाहीत.

तीन वर्षांनी नाना गेले. तेराव्याला अक्का एस.टी.ने आल्या. कुणी कळवलं होतं, कोण जाणे. नानांच्या तसबिरीला त्यांनी हात जोडले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, बायकांच्या पंगतीजवळ भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या शेजारीच तुपाचा डबा आणि लाडवांची परात होती.

काकू उठल्या. त्यांनी डबा उचलला, परातही उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. कडी लावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

बायका माझ्याकडे बघत होत्या. नाना आता नव्हते. कुणाची लाज राखायची उरली नव्हती. मी पुढच्या पानावर भात वाढला.

अक्का उठल्या. “येस मी, बाई,” म्हणाल्या. त्यांच्यासाठी मांडलेलं पान तसंच राहिलं. खिडकीतून मला त्या रस्त्याला लागलेल्या दिसल्या, भर उन्हात, डोक्यावर पदर ओढून, स्टँडच्या दिशेने. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्याच अंतरावर.